बिनभेगेची तुळई

२१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार. धरमपेठेतल्या दोन टेबलांच्या ऑफिसच्या खात्यात ४७,२०० रुपये जमा झाले. चाळीस हजार कामाचे, वरचा जीएसटी. चारुलता रामटेकेने मोबाइलवरचा मेसेज वाचला आणि ती धास्तावली.

पैसे आल्यावर धास्तावणारी बाई विरळाच. पण हिंगण्याकडच्या त्या फाउंड्रीसाठी तिने स्पष्ट लिहिले होते, की वितळलेल्या लोखंडाची बादली उचलणारी आडवी तुळई ताबडतोब उतरवा. असे कळवल्यावर कारखाना आधी भांडतो, मग दुसरा इंजिनिअर शोधतो, आणि पैसे दिलेच तर सहा महिन्यांनी, कापून देतो. चौथ्या दिवशी, पै न पै, कोणी देत नाही.

चारुलताचा धंदा भेगांचा. त्या तुळईच्या वेल्डिंगजवळ नऊ मिलिमीटरची केसासारखी रेघ सापडली होती. ती पुढे कशी सरकेल हे बघायला खरी तुळई मोडता येत नाही, म्हणून चारुलता ती संगणकात उभी करी. लोखंडाचे हजारो बारीक त्रिकोण पाडायचे, त्यांची जाळी विणायची, भेगेच्या टोकाशी जाळी जास्त दाट ठेवायची. मग बादली उचल, ठेव, पुन्हा उचल. प्रत्येक खेपेला टोकावर ताण किती येतो आणि भेग किती सरकते, ते संगणक मोजत जातो. भेग एका हद्दीपलीकडे गेली की मग सरकणे नाही, सरळ कडाका. हिशेबाने ती वेळ जानेवारीअखेर येत होती. बादलीखाली प्रत्येक पाळीला माणसे असत.

हे काम तिला शिकवले ते वंदनाताई ठवकरने. ताई कॉलेजात दोन वर्षे पुढे होती. चारुलताचे वडील दवाखान्यात होते तेव्हा डबा ताईच्या घरून जायचा. पुढे भागीदारी केली तीही तोंडी भरवशावर. कागद नंतर झाले. ताईने गिऱ्हाईक आणायचे, सांभाळायचे, चारुलताने संगणक. आणि ताईचा पहिल्या दिवसापासून एक नियम: आधी बिनभेगेचा तुकडा चालव, मग भेगेचा. संगणकातले लोखंड निर्दोष असते, आपण भेग घातल्याशिवाय ते तुटत नाही. म्हणून आधी बिनभेगेची तुळई तपासून हाताच्या गणिताशी ताळा जुळवायचा. जुळला, म्हणजे जाळी भरवशाची. त्या ताळ्याचाही वेगळा अहवाल, त्यावरही सही. या वेळीही दोन्ही अहवालांवर सही करून चारुलताने ते ताईच्या टेबलावर ठेवले होते.

तिने फाउंड्रीच्या फोरमनला, देवाजीला, फोन लावला.

"देवाजी, तुळई उतरवली का?"

"काहून उतरवाची म्याडम? तुमीच तं लिहून देलं, मजबूत हाय म्हून. मालकानं पेढे वाटले जी!"

"अन् भेगेचं काय लिहिलं आहे त्यात?"

"भेगेचं तं नावच नाही."

चारुलताने फोन ठेवला. समोरच्या टेबलावर ताई चहात बिस्कीट बुडवत होती.

"ताई, तू फक्त बिनभेगेचाच अहवाल पाठवला?"

"हो. मंग? त्यातला एक आकडा चुकीचा दाखव मले."

आकडा एकही चुकीचा नव्हता.

"नवी तुळई मार्चमध्ये येते वं," ताई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तोवर क्रेन बंद ठेवली तं त्याईची ऑर्डर हातची जाते. वर्षभराचं काम देऊन राहिले ते आपल्याले."

"जानेवारीत तुटेल ती."

"ते तुह्या कॉम्प्युटरचं म्हणणं. भेग तूच घातली न त्याच्यात?"

"खऱ्या तुळईत आहे म्हणून घातली!"

"ओरडू नको. अन् सही तुह्यी आहे दोन्हीवर. माह्यं नाव कुठं आहे, सांग बरं?"

हे ताई अगदी मायेने म्हणाली. चारुलताला तीच माया असह्य झाली. म्हणजे ताईने हेही आधीच बघून ठेवले होते.

तिने दुसरा अहवाल छापला आणि ऑटो करून हिंगणा गाठले. देवाजीने गेटवरच उभ्याउभ्या शेवटचे पान वाचले, आत गेला आणि क्रेन बंद केली. मालकाचा फोन आला. त्याने चारुलताला काय काय म्हटले ते लिहिण्यासारखे नाही. संध्याकाळी तुळई थंड झाल्यावर देवाजीने तिच्यावर भेगेत मुरून ती दाखवणारा लाल रंग पुन्हा लावून पुसला. रेघ चौदा मिलिमीटरवर गेली होती.

चारुलता काही बोलणार, तेवढ्यात देवाजी म्हणाला, "चार दिवस आमी इच्याखाली उभे होतो म्याडम. तुमच्या सहीवर."

ताईने पाठवला, असे सांगणे तिच्या ओठावर आले. पण सही ताईची नव्हती. 

तुळई गॅसने कापून भंगारात गेली. फाउंड्रीने वर्षाचे काम दुसऱ्याला दिले. धरमपेठेत ताई सांगत फिरली की चारुलता गिऱ्हाईक टिकू देत नाही. ३१ डिसेंबरला भागीदारी मोडली. चारुलताने आपला संगणक सक्करदऱ्याला घरी नेला. आता ताळ्याच्या अहवालावर ती सही करत नाही.

धरमपेठेच्या ऑफिसच्या शेवटच्या वीजबिलातले वंदनाताईच्या वाट्याचे २१५ रुपये अजून यायचे आहेत.