सात रस्त्यापलीकडची जागा

सात रस्ता चौकापलीकडे माझ्या घराला लागून मुरमाड जमिनीचा एक तुकडा होता. तो घ्यायला एक विधवा बाई पुणं सोडून सोलापूरला आल्या. अंगावरचं सोनं मोडून त्यांनी जमीन घेतली आणि भाड्यानं द्यायला चार खोल्या बांधल्या. "पुण्यात एवढ्यात कोनाडासुद्धा मिळाला नसता," असं त्या येईल त्याला सांगायच्या. रोज सकाळी पदर खोचून रिकाम्या खोल्यांची नवी शहाबादी फरशी स्वतः पुसायच्या.

पण वर्ष होत आलं तरी भाडेकरू मिळेना. शेवटी थोरला भाऊ न्यायला आला. "हट्ट पुरे. विकून टाक आणि घरी चल," तो माझ्यादेखत म्हणाला.

तेवढ्यात एक तेलुगू विणकर बायकोला घेऊन जागा बघायला आला. संकोचून म्हणाला, "बाई, आमचा माग खड्ड्यात बसतोय. फरशी फोडावी लागतीय. म्हणून कुणी जागाच दीना झालंय की."

भाऊ हसला. बाई उठल्या, पहार आणली आणि फरशीवर पहिला घाव स्वतः घातला. मग विणकराला विचारलं, "किती खोल पाहिजे?"

भाऊ एकटाच परत गेला. दिवाळीपर्यंत चारही खोल्यांत माग लागले आणि त्या खटखटीनं माझी झोप उडाली. तक्रार करायला गेलो, तर बाई आणखी एका खोलीचा पाया आखत होत्या.

"ही तुमच्या भिंतीपासून लांब घेतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तरी त्रास झाला आणि घर विकावंसं वाटलं, तर आधी मला सांगा."