अन्वरचे पांढरे हातमोजे

हर्सूल तलावावर सकाळी फिरत होतो, तेव्हा अन्वर गेल्याचा फोन आला. त्या क्षणी मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते... आता तरी वाळूजच्या आमच्या कारखान्यात टायटॅनियमच्या जोडाचा विषय निघाला, की लोक माझं नाव घेतील! दीड महिना उलटला, तो विचार अजून टोचतो आहे.

आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. टायटॅनियम तापलं की हवा ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून ते हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत, इलेक्ट्रॉनच्या बारीक झोतानं जोडतात. पेटीला जाड काचेची छोटी खिडकी असते. मी आकडे बघून झोत लावायचो, अन्वर खिडकीला डोळा लावून. मग जोड किती पक्का ते बघायला नमुना दोन्हीकडून ओढून तोडायचा. अन्वरचा नमुना जोडापासून लांब, मूळ धातूत तुटायचा. माझा बहुतेक वेळा जोडातच. डिप्लोमाला पहिला आलेला मी, आणि हा आयटीआयवाला! ते यंत्र कायमचं अन्वरकडे द्यायचं ठरलं, त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर पेढा भरवला आणि घरी येऊन जेवलो नाही.

जोडायच्या कडा ॲसिटोननं पुसल्या की त्यांना उघडा हात लावायचा नाही, हा आमचा पहिला धडा. बोटाचं तेल राहिलं की जोडात बारीक बुडबुडे अडकतात. एका मोठ्या कामाच्या वेळी अन्वर डबा खायला गेला होता. जोडायच्या साफ केलेल्या गोल कड्या ट्रेमध्ये होत्या. मी एका कडीच्या काठावर अंगठा दाबला. चुकून नाही, घाईत नाही... दाबला. दुसऱ्या दिवशी त्या जोडाच्या एक्स-रे फिल्मवर बुडबुड्यांच्या ठिपक्यांची ओळ उमटली. अन्वरनं ती उजेडाकडे धरून एकेक ठिपका पाहिला.

"बोट लागलंय कुणाचं तरी," साहेब म्हणाले.

"माझंच लागलं असंल, साहेब. हातमोजे घालायचं राहिलं," अन्वर म्हणाला. ज्याला कुणी कधी हातमोज्यांशिवाय पाहिलं नव्हतं, तो हे बोलला.

यंत्र माझ्याकडे आलं. अन्वर कडा साफ करायच्या टेबलावर गेला आणि माझे जोड एकदम सुधारले. माझेही नमुने आता जोडाबाहेर तुटायला लागले. साहेब मात्र म्हणायचे, "अन्वरच्या हाताची कमाल आहे!" यंत्र माझं आणि नाव त्याचंच. जळफळाट व्हायचा नुसता. त्यात रोज ट्रे आणून देताना तो वर धुतलेल्या हातमोज्यांचा जोड ठेवायचा. "घाल मुकुंदा. टायटॅनियम लई नाजूक हाय, माफ नाय करत." मला वाटायचं, हा मला शहाणपणा शिकवतोय. निवृत्त होईपर्यंत मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

अन्वरचा चाळिसावा झाल्यावर त्याच्या बायकोनं, भाभींनी, घरी बोलावलं. चहा झाला. त्यांनी कपाटातून जुन्या पांढऱ्या हातमोज्यांत गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"मुकुंदभाई, हे तुमालाच द्यायचं म्हणले व्हते. दुसऱ्या कुणाला दाखवू नको म्हणले."

तीच फिल्म होती. त्याला कसं कळलं, कुणास ठाऊक. डबा खाऊन परतताना दाराशी थांबला असेल... आणि मागच्या मागे निघून गेला असेल.

त्या वेळी ओरडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी सुटलो असतो. इतकी वर्षं गप्प राहून तो कामात होता तसाच माणूस म्हणूनही माझ्या पुढे गेला. खरं सांगतो, मला त्याचाही हेवा वाटतो.

फिल्म आता माझ्या टेबलावर असते. काल ती उजेडात धरावी म्हणून हात पुढे केला, आणि थांबलो. आधी त्याचे हातमोजे घातले.