करिष्मासाठी एक पिशवी रक्त

मी साधना, कोरपना तालुक्यातल्या एका गावची आशा सेविका. कोणाला ताप आला, कोण बाळंत झाली, कोणाची गोळी चुकली, सगळं माझ्या वहीत असतं. साधना जरा आगाऊ आहे, हेही गाव सांगेल. त्या आगाऊपणाचीच ही गोष्ट.

करिष्मा म्हणजे सोमाजीभाऊंचं थोरलं लेकरू. जन्माच्या दाखल्यावर गोपाल. विशीत साडी नेसायला लागली तेव्हा गाव महिनाभर हसलं आणि मग कंटाळलं, कारण तिच्यासारखा ब्लाऊज आसपास कोणी शिवत नव्हतं. माप घेताना बायकांची टर उडवायची. "दिवाळीपासून दोन इंच वाढली तू. साडीचाच ब्लाऊज शिवू का आता?"

तिला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशीच वाकड्या. थंडी वाढली की हाडं ठणकायची, रक्त उतरायचं, आणि वर्षातून दोनतीनदा जिल्ह्याच्या गावी नेऊन रक्त चढवावं लागायचं. अशा पेशंटला लाल कार्ड असतं. ते दाखवलं की बदल्यात कोणी रक्त द्यावं लागत नाही. तिच्या घरच्यांचं चाललंही नसतं. आईबाप, धाकटा भाऊ प्रफुल, सगळ्यांच्या रक्तात तो दोष थोडाफार आहेच.

गेल्या वर्षी मी तिच्या मागे लागले. तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र काढलं, आधारवरचं नाव बदलून घेतलं. सात चकरा झाल्या. नवं आधार हातात आलं त्या दिवशी तिनं गावभर पेढे वाटले आणि मी माझीच पाठ थोपटून घेतली. लाल कार्डावरचं नाव मात्र तसंच राहिलं. रोज असली कार्डं हाताळणारी मी, मला ते सुचलंच नाही.

जानेवारीत तिचं हिमोग्लोबिन चारवर आलं. दवाखान्यात तिला बायांच्या वॉर्डात ठेवायचं की माणसांच्या, यातच तास गेला. शेवटी व्हरांड्यात खाट टाकली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तातडीचं म्हणून लिहिलं. रक्तपेढीतल्या माणसानं आधार आणि लाल कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

"हे कार्ड तं गोपालचं हाय. करिष्माचं कुठी हाय?"

मी समजावलं, मग भांडले. तो म्हणाला, "या गटाच्या दोनच पिशव्या हायत मॅडम, त्या कार्डवाल्यांसाठी न् बाळंतिणींसाठी. कार्ड दुरुस्त करून आणा, नाईतर रक्त देणारा आणा."

मी बाही वर केली. माझं हिमोग्लोबिन नऊ भरलं, रक्त द्यायला साडेबारा लागतं. गावाला लोहाच्या गोळ्या वाटते मी!

मग नंदिनीला फोन लावला. ती तिथल्या तृतीयपंथीयांच्या डेऱ्याची गुरू, करिष्मानं तिचं चेलापण घेतलेलं. त्यांच्या डेऱ्यात रीतच आहे, चेला आजारी पडला की त्या दिवशी बाजारात मागायला कोणी जात नाही, सगळ्यांनी त्याच्या उशाशी यायचं. अर्ध्या तासात पाच जणी हजर. चांगल्या धडधाकट. त्यातली चंचल तर थेट खुर्चीत जाऊन बसली. "दोन पिशव्या घ्या साहेब, माह्यात लय हाय."

तो माणूस अवघडला. तृतीयपंथीयांचं रक्त घ्यायचं नाही, असा नियम आहे म्हणाला.

"आधी तपासा," नंदिनी म्हणाली. "खराब निघालं तं फेकून द्या."

"माह्या हातात नाई बाई ते."

अगदी आदरानं बाई म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. त्यानं शिवी दिली असती तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

मग मी इतर पेशंटच्या नातेवाईकांना विनवलं. जो तो विचारायचा, "कोनासाठी?" मी खाट दाखवली की त्याला नेमकी एसटीची वेळ आठवायची. नंदिनी ओळखीच्या दुकानदारांना फोन करत राहिली. एरवी दारात बोलावून तिचा आशीर्वाद घेणारे ते, कोणी फोन उचलेना.

करिष्मा हे सगळं ऐकत होती. तिनं माझा पदर ओढला.

"साधनाताई, ते नवीन नाव काढून टाका. मले गोपालच लिवा. गोपालले रक्त भेटते."

मी पळत रक्तपेढीच्या खिडकीशी गेले. नाव परत फिरवायलाही तोच अर्ज, त्याच चकरा. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, मीच त्यातून गेले होते. तरी विचारलं. परत आले तर तिनं कपाळावरची टिकली काढून नंदिनीच्या हातात दिली होती.

"लिवलं का?"

"लिवलं," मी म्हणाले.

कुठल्याशा कॉलेजच्या शिबिरातलं रक्त तिसऱ्या दिवशी आलं. करिष्मा दुसऱ्याच दिवशी दुपारी गेली, मी तिला परत गोपाल केलं आहे असं समजून.