छतावरचे वाफे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जगदेव मिस्त्री शिखरचंद शेठजींच्या नव्या घराच्या छतावर घोट्याइतक्या पाण्यात उभा होता आणि पायाने मातीचे बांध दाबून पाहत होता. चैत्र महिना, साल १९३६, गाव कारंजा. छत ओतल्याला तो नववा दिवस होता. चौतीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद छताचे मातीच्या बांधांनी बारा चौकोन पाडले होते, आणि प्रत्येकात पाणी भरलं होतं. पाणी भरणाऱ्या बायांची मुकादम नानीबाई माळ्याच्या घरची. तिने पहिल्याच दिवशी त्या चौकोनांना वाफे म्हटलं, आणि तेच नाव चाललं. शेठजी आता वर मेथी लावणार की वांगी, हा प्रश्न ती रोज विचारत असे.

जगदेव हसत नसे. तो सेहेचाळीस वर्षांचा होता, कामरगावचा, आणि तीस वर्षं त्याने धाब्याची घरं बांधली होती. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. सागाच्या तुळया, त्यावर आडव्या काठ्या, त्यावर पाला, त्यावर चिखल आणि शेवटी वीतभर खारी माती, चोपून बसवलेली. असल्या छताचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण गवंड्याच्या हाताला कळतो. पडलेलं पाणी पन्हळीपर्यंत गेलं पाहिजे. एका जागी थांबलं तर माती ते पिते, तुळईवर भार येतो आणि घर बसतं. इंझोरीला १९१४ साली असंच झालं होतं. पन्हळीत निंबाचा पाला अडकला, पाणी साचलं आणि जगदेवच्या वडिलांनी घातलेलं धाबं मधल्या खोलीत कोसळलं. घरमालकाचा पाय कायमचा गेला. वडिलांनी दोन वर्षं थापीला हात लावला नाही.

शेठजींचं घर मात्र वेगळ्याच विचाराचं होतं. त्यांच्या जुन्या घरात पुढे दुकान, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे एकही खिडकी नाही. उजेड आणि वारा जो यायचा तो चौकातून. नव्या घराला चौकच नव्हता. अमरावतीचा ओव्हरसियर किसनसिंग याने निळ्या कागदावर जो नकाशा काढला, त्यात चार खोल्या एकमेकींना पाठ लावून होत्या, रस्त्याकडे पाच खिडक्या होत्या आणि पुढची वीस फूट जागा बागेसाठी सोडली होती. शेठाणी सुंदरबाईंनी नकाशा पाहून दोनच गोष्टी विचारल्या होत्या. येणारा-जाणारा घरात डोकावेल त्याचं काय, आणि पापड कुठे वाळवायचे? पहिलीला पडदे हे उत्तर मिळालं. दुसरीला, छतावर.

कारंज्यात लोखंडी सळ्या घालून ओतलेलं छत जगदेवच्या पाहण्यात एकही नव्हतं. हे काम त्याने मागून घेतलं होतं. खेड्यातल्या घरांवर टिनाचे पत्रे चढत होते, शहरात सिमेंट येत होतं, आणि नवी धाबी वर्षाला दोन-तीनच उरली होती. स्टेशनजवळ एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीचं असंच छत वैशाखात ओतायचं होतं. हे छत नीट उतरलं तर त्या कामावर मिस्त्री म्हणून घेण्याची चिठ्ठी देईन, असं किसनसिंगाने सांगितलं होतं. त्या चिठ्ठीसाठी जगदेव खाली बसून तरुण पोरांबरोबर सळ्या बांधायला शिकला होता.

किसनसिंगाची सूचना साधी होती. सिमेंट पक्कं व्हायला एकवीस दिवस छत पाण्याखाली राहिलं पाहिजे. खाली थोडं टपकलं तरी घाबरायचं नाही. तो आठवड्यातून एकदा मूर्तिजापूरच्या गाडीने येई आणि तपासून जाई. मधले दिवस जगदेवचे होते. ते त्याला बसून काढता आले नाहीत. तो दिवसातून पंधरा-वीस वेळा शिडी चढे, उतरे, छत पेलणाऱ्या फळ्यांखाली टेकूंच्या गर्दीत वाकून फिरे, फळ्यांना हात लावून पाही. जेवताना त्याची नजर वर असे. कामापुरती त्याच्याबरोबर कारंज्यात राहिलेली त्याची बायको रंगूबाई भाकर घेऊन येई. तिने एकदा त्याला विचारलं की छत ओतलं आहे की पोरीचं बाळंतपण आहे.

त्या नवव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला तो टेकूंत फिरत असताना त्याच्या मानेवर थेंब पडला. त्याने वर पाहिलं. दोन फळ्यांच्या सांध्यात ओल धरली होती, आणि दुसरा थेंब तयार होत होता. जगदेव शिडी चढला, फावडं घेतलं आणि बाराही वाफ्यांचे बांध फोडले. दहा मिनिटांत सगळं पाणी गल्लीत गेलं. मग तो खाली आला, निंबाखाली आडवा झाला आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच गाढ झोपला. संध्याकाळी नानीबाई घागर घेऊन आली, तेव्हा त्याने तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी महावीर जयंती होती. काम बंद होतं.

अकराव्या दिवशी किसनसिंग आला. छत पांढरं पडलं होतं आणि त्यावर केसाएवढ्या भेगा होत्या. त्याने नखाने एक भेग खरवडली, मग चाकूचं पातं घालून पाहिलं आणि बायांनी पाणी भरलंच नाही, असं शेठजींना सांगितलं. शेठजींनी तिथल्या तिथे नानीबाईला उद्यापासून येऊ नका म्हणून बजावलं. नानीबाईने डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली आणि जगदेवकडे पाहिलं. 

"बायाईनं पानी भरलं होतं," जगदेव म्हणाला. "म्या सोडलं."

"काहून?" शेठजींनी विचारलं.

"खाली टपकून राह्यलं होतं."

"साहेबानं तुले सांगतलं होतं ना, टपकलं तर टपकू दे मनून?"

"सांगतलं होतं, शेठजी."

"मंग?"

"हात आयकला नाही."

 मग नानीबाईने चुंबळ पुन्हा डोक्यावर ठेवली. "भरल्या वाफ्याचे बांध फोडनारा मानूस मी पह्यल्यांदाच पाह्यला, भाऊ," ती म्हणाली आणि घागर उचलून विहिरीकडे गेली. शेठजींनी तिला थांबवलं नाही.

किसनसिंगाने भेगांवर सिमेंटचं पातळ पाणी ओतून घेतलं आणि एकवीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. टेकू निघाल्यावर छत खाली झुकलं तर ते फोडावं लागेल, आणि कोणाच्या हाताने बिघडलं ते मी लपवणार नाही, हेही त्याने जगदेवला ऐकवलं. त्या एकवीस दिवसांत जगदेव कामरगावला गेला नाही. बांधांची माती तो स्वतः भिजवत होता, आणि सांध्यातून थेंब पडायचा तेव्हा हात पाठीमागे बांधून उभा राहत होता. इंझोरीहून तिघांचे निरोप आले होते, धाब्यांची माती बदलून द्या म्हणून. रंगूबाईचं म्हणणं होतं की तेच काम घ्यावं. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली आणि मधल्या टेकूंपासून सुरुवात करून एकेक टेकू काढला. छत आणि दोरी यांच्यात सुरुवातीला दोन बोटांचं अंतर होतं. सगळे टेकू निघाल्यावरही ते दोन बोटांचंच राहिलं. मग वाळूची पोती वर चढवली, रात्रभर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. अंतर तेवढंच होतं. पोती उतरताच सुंदरबाई शिडीवरून वर येऊन गेल्या. जागा पापडांना पुरेशी आहे, एवढंच त्या बोलल्या.

जगदेवने किसनसिंगाला चिठ्ठीचं विचारलं. किसनसिंगाने चिठ्ठी दिली नाही. छत टिकलं हे खरं, पण ते तुझ्यामुळे टिकलं असं मी लिहू शकत नाही, असं तो म्हणाला. जिनिंगच्या कचेरीवर मिस्त्री अमरावतीचा येणार होता, वय वर्षं सव्वीस. त्याच्या हाताखाली यायचं असेल तर ये. जगदेवने रोजी किती ते विचारलं नाही. कामाची वेळ विचारली. त्या संध्याकाळी रंगूबाईने इंझोरीला निरोप पाठवला, दुसरा गवंडी पाहा.

कचेरीच्या कामाची यादी तयार आहे. पाण्यावर नानीबाई आणि तिच्या सहा बाया आहेत. जगदेवचं नाव गवंड्यांत चौथं आहे आणि त्याच्यापुढे सळ्या वाकवणे असं लिहिलं आहे. उद्या हजेरी सकाळी सातला आहे.