तात्यांचा दम

खातूकाकांच्या दुकानात गाणं चालू असेल तर गिऱ्हाइकाने बोलायचं नाही, असा शिरस्ता होता. महाडच्या बाजारपेठेत कॅसेट भरून देण्याचं त्यांचं दुकान, रुंदी जेमतेम दोन माणसांची. आपण यादी घेऊन उभं राहायचं. ते डोळे मिटून एक बोट वर धरणार. कडवं संपलं की बोट खाली. "हं, आता बोला."

मी तेव्हा महाडला कॉलेजात होते. नव्वद मिनिटांची कॅसेट मागितली की त्यांच्या कपाळावर आठ्या. "नव्वदची फीत पातळ असते. साठची घे. गाणं कोंबायचं नसतं सुमन, बसवायचं असतं. दोन कमी घे, पण पुरी घे." माझ्या यादीतली तीन गाणी स्वतःच खोडून त्यांनी ती परत दिली होती. राग आला, पण घरी कॅसेट लावल्यावर गेला.

माझे वडील, तात्या, कुडपणला शेती करायचे आणि लग्नसराईत खालूबाजाच्या ताफ्यात सनई वाजवायचे. हे मी सहज बोलले, तर काका म्हणाले, "ऐकायला येतो." आणि खरंच आले. पोलादपूरहून डोंगर चढून, टेपरेकॉर्डर खांद्याला लावून. वारा अडवायला आमच्या अंगणात त्यांनी गोधडी टांगली. सखाराममामा ढोलावर, शेजारी एक झांजवाला. बाजू संपली तसे काका म्हणाले, "तात्या, पाणी प्या, मी कॅसेट उलटतो."

"मला कशाला पानी? तुझी फीत दमली काय रे?" तात्या हसले.

दोन कॅसेटी भरल्या. निघताना काका तात्यांच्या पाया पडले. पुढे काही वर्षांनी तात्या गेले. ते वाजवणं आता त्या दोन कॅसेटींतच उरलं होतं.

मी पोलादपूरला शिक्षिका झाले, तेव्हा गाणी ऐकायची, गळ्यात अडकवायची छोटी यंत्रं आली होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार शिफ्ट सुटल्यावर काकांच्या दुकानात येत. पहिला प्रश्न एकच, "किती गाणी बसतील?"

"चाळीस. नीट ऐकायची असतील तर," काका सांगत.

पलीकडचा दुकानदार त्याच यंत्रात दोनशे घालून द्यायचा. गाणं चेपून बारीक करायचं, की बसलीच. काकांनी वर्षभर तग धरला. मग त्यांच्याही दाराला पाटी लागली, 'दोनशे गाणी भरून मिळतील.' मला त्याचं वाईट वाटलं नाही. पोट सगळ्यांनाच असतं.

मुंबईतल्या माझ्या धाकट्या भावाला, विलासला, तात्यांची सनई त्याच्या यंत्रात हवी होती. मी कॅसेटी काकांकडे दिल्या, दुसऱ्या कुणाकडे दिल्या नसत्या. आठ दिवसांनी दुकानातच ऐकायला घेतलं. सनई पाण्याखालून आल्यासारखी. झांज नुसती चरचरत होती. लांबवलेला सूर मध्येच विरत होता.

"काका, हे काय?"

त्यांनी मान वर केली नाही. "फीत जुनी झाली होती, बाई. आणि खरं सांगू? तात्यांचा दम तेव्हाच तुटत होता. कॅसेटवर जाणवलं नाही, यात उघडं पडतंय."

"आणि कॅसेटी?"

"पार खराब झालेल्या. टाकल्या."

मी विश्वास ठेवला. तो कान खोटं कसं सांगेल? पुढची दोन वर्षं एकच गोष्ट मला खात राहिली. तात्या तेव्हाच आजारी होते, आपल्याला कळलं नाही, आणि आपण त्यांना दोन कॅसेटी भरेपर्यंत वाजवायला लावलं.

एका मे महिन्यात कुडपणला हे मी सखाराममामांपाशी बोलले. म्हातारा उठूनच बसला. "कोन म्हनतो? मी बाजूलाच व्हतो गो! माझा हात दमला, पन तात्याचा दम तुटला नाय."

मी विलासला ती फाईल तपासायला सांगितली. त्याचा फोन आला. "ताई, ही अगदी बारीक चेपलीय. दोनशेवाल्या गाण्यांसारखी. वरच्या पट्टीतला आवाज कापूनच टाकलाय."

मी महाड गाठलं. मामांचं आणि विलासचं म्हणणं सांगितलं, ते काकांनी खुर्चीत बसून ऐकलं. मग सावकाश म्हणाले, "तेव्हा दिवाळीत एका कारखान्याची ऑर्डर होती. सगळं बारीक करायला लावलं होतं, त्यातच तुमचं गेलं. जुन्या कॅसेटी भंगारात दिल्या, त्यात त्या दोन्ही गेल्या. ऐकल्याबरोबर मला कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"माझ्या हातून असं झालं, हे तोंडातून निघेना."

"म्हणून माझ्या बापाचा दम तोडलात?"

"हो," ते म्हणाले. "तुटला नव्हता तो. मी समोर बसून ऐकलाय."

कॅसेटी गेल्याचं दुःख मी गिळलं असतं, फिती कधीतरी जातातच. पण तात्यांना पुरतं ऐकलेला माणूस त्यांच्याविरुद्ध बोलला, आणि तेही ते उत्तर द्यायला नसताना.

पुढे काका दुकान बंद करून तुडीलला मुलीकडे गेले. "बाईंना म्हणावं, एकदा येऊन जा," असा निरोप दोनदा आला. मी गेले नाही. ते वारल्याचं कळलं तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. बातमी आणलेल्या शिपायाला मान डोलावली आणि कविता पुढे शिकवत राहिले. इतकं जीव लावून ऐकणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. तुडीलला गेले असते तर त्यांच्याशी काय बोलले असते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.