कंसातलं वजा

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळसुद्धा नाही — ती गेली, तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. तुम्ही समोर बसलायत असं धरून लिहितोय. मध्येच अडलो तर अडू द्या.

माझं शिक्षण चौथी. चाळीत मात्र मी सातवी सांगायचो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर होतो, हात चांगला होता, आणि कुणी चूक दाखवलेली मला खपायची नाही. अजून खपत नाही — खोटं कशाला बोलू?

आता डोंबिवलीत मुलीकडे असतो, सुमनकडे. नात रिद्धी दहावीला. परवा ती वर्गसमीकरणं घेऊन बसलेली. "आई, हे बघ ना जरा." सुमन पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मला नको विचारू बाई. माझं डोकं नाही गणितात."

हे वाक्य सुमनचं नाही. माझं आहे. पण ते — जरा थांबा.

मी रिद्धीला म्हटलं, मला दाखव. "तुम्हाला? आजोबा, झोप येईल हां!" हसली. हसू दे. एक्सचा वर्ग, वजा सात एक्स, अधिक दहा, बरोबर शून्य. याचे अवयव पाडायचे. गुणाकार दहा आणि बेरीज सात होईल असे आकडे कुठले? दोन आणि पाच — मी पटकन सांगितलं! मग दोघांपुढे वजा लावून तिने कंस लिहिले. एक्स वजा दोन, एक्स वजा पाच. आणि उत्तर लिहिलं — दोन आणि पाच. बिनवजाचे.

"वजा कुठे गेलं?" मी कंसातल्या वजावर बोट ठेवलं.

"अहो, गुणाकार शून्य यायचा तर एक कंस शून्य व्हायला नको? दोनातून दोन गेले की शून्य!"

मग तिने आलेख काढला. झोळीसारखी रेघ. आडव्या रेघेला दोनवर कापून खाली जाते, पाचवर परत वर येते. मला पटेना. मी स्वतः दोन घालून बघितले — चार, वजा चौदा, अधिक दहा. शून्य! वजा दोन घातले — अठ्ठावीस. म्हणजे तिथे झोळी जमिनीपासून अठ्ठावीस घरं वर लटकतेय! मी म्हटलं, अजून एक दे. मग अजून एक. ह्या वयात इतकी मजा कशी काय येते? आणि तीच मला आता टोचतेय.

कारण सुमनलाही ही मजा यायची.

सुमन दहावीला होती. शाळेच्या सहामाही परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हेच करत बसलेली. मी कामावरून आलो आणि तपासायला बसलो — मला कळतं असं दाखवायला. कंसात वजा, उत्तरात नाही. आमच्याकडे ड्रॉइंगमध्ये असेल तेच जॉबमध्ये, म्हणजे लेथवरच्या तुकड्यात, उतरवायचं, नाहीतर जॉब बाद. मी म्हटलं, चूक. ती म्हणाली, "बाबा, चिन्ह उलटतं, थांबा, सांगते का ते." मी ऐकलं? मी ओरडलो — बापाला शिकवतेस? दुसऱ्या दिवशी बाप म्हणाला म्हणून पोरीने पेपरात सगळी उत्तरं वजा लिहिली.

बाईंनी मला शाळेत बोलावलं. म्हणाल्या, अवयव सगळे बरोबर, फक्त चिन्हं — हिला हे सांगितलं कुणी? सुमन माझ्या शेजारीच उभी. कोण चुकलं ते मला तिथेच कळलं. आणि मी म्हणालो —

"कुणी नाही बाई. हिचं डोकंच नाही गणितात."

सुमनने माझ्याकडे बघितलं. तिला डिप्लोमा करायचा होता. आम्ही ज्यावरून जॉब करायचो, तसली ड्रॉइंगं तिला स्वतः काढायची होती. पुढे तिनेच नको म्हटलं, शिवणक्लासला गेली. मी चाळभर सांगत फिरलो — पोरीची आवड.

का केलं मी तसं? कारणं शोधली तर सापडतील. सांगत नाही.

आज परत आत पोळ्या चालल्यात. रिद्धीही तिथेच बसलीय, म्हणजे तिच्यादेखतच सांगावं लागणार. त्या संध्याकाळी सुमनच्या वहीतली उत्तरं बरोबर होती. सगळी.

उठतो आता.