त्या वचनाचा दुसरा अर्थ

सप्टेंबर १९८६, रविवार, दुपारी चार. जागा: रत्नागिरीत पाळकसाहेबांच्या घराची पडवी. हजर: पाळकसाहेब, पाळकीणबाई, निवृत्त कंपाउंडर आणि मी, आमच्या चर्चच्या मंडळीची चिटणीस. बाकीचे पावसामुळे आले नाहीत.

आमच्या अभ्यासवर्गात दर वेळी एकाने शुभवर्तमानातलं एक अवघड वचन काढायचं आणि पाळकसाहेबांनी ते उलगडायचं, अशी पद्धत होती. त्या दिवशी कंपाउंडरांची पाळी होती. एक माणूस येशूला म्हणतो, आधी बापाला पुरून येतो, मग तुझ्यामागे येतो. येशू म्हणतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे.

"साहेब, मेलेले खड्डा खणणार कसे?" कंपाउंडर म्हणाले. "आपल्या जांभ्यात जिवंतांचेच हात सोलतात."

पाळकीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी दापोलीहून तार आली होती, वडील गेले. दुसऱ्या दिवशी मंडळीत उपकारस्तुतीचा, सुगीचा सण होता. पाहुण्यांची सोय, जेवण, देवाला वाहिलेल्या भात-नारळांचा लिलाव, सगळ्या याद्या माझ्याकडे. पिशवी भरून मी सांगायला याच पडवीत आले. पाळकसाहेबांनी मला हेच वचन ऐकवलं आणि त्याच्या पुढचंही जोडलं. "बाई, नांगराला हात घातलाय, आता मागे बघू नका." मी थांबले.

आमच्या घरात पहिली मूठभर माती थोरल्या अपत्याने द्यायची. संध्याकाळची एसटी येईपर्यंत दापोलीत घरच्यांनी शवपेटी बंद केली नव्हती. एसटीतून मी उतरले नाही, तेव्हा धाकट्या भावाने माती दिली. पुढे त्याचं कार्ड आलं, एका ओळीचं: का आली नाहीस? मी उत्तरात ते वचन लिहून पाठवलं. त्यानंतर त्याचं पत्र नाही.

आता पाळकसाहेब समजावत होते. "त्या माणसाचा बाप मेलेला नव्हताच. घरात मयत असती तर तो रस्त्यात बोलत उभा राहिला असता का? बाप आहे तोवर घरी राहतो, मग बघू, असं त्याचं म्हणणं. ती सबब होती."

"हां, आता पटलं," कंपाउंडर म्हणाले.

"आणि घरात खरंच मयत असेल तर?" मी विचारलं.

"तर जायचं, बाई. प्रभू काय निष्ठुर आहे?"

"मला तुम्ही उलटं सांगितलं होतंत." मी तार, सण, सगळं क्रमाने सांगितलं.

त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही कामाच्या बाई. मला वाटलं, तुम्हालाच थांबायचंय. मी फक्त धीर दिला."

मी पाळकीणबाईंकडे पाहिलं. त्या सकाळी माझी पिशवी त्यांनीच हातातून घेऊन आत ठेवली होती.

"चहा निवतोय गो," त्या म्हणाल्या आणि कप पुढे सरकवला.

माझ्याशिवाय काम अडेल, एवढं साधं पाळकसाहेब बोलले असते तरी चाललं असतं. जायचं की राहायचं ते माझं मी ठरवलं असतं. त्यांनी आपली गरज प्रभूच्या तोंडी घातली, आणि तिथे वाद घालायची माझी रीत नव्हती.

सोमवारी मी चिटणीसपद सोडलं. वह्या, किल्ल्या, भांड्यांची यादी दिली, पोच घेतली. अर्ध्या तासात आटपलं.

भावाला कळवायचं राहिलं, की ते वचन त्याच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठीही नव्हतं. आंतर्देशीय पत्र आणून वर पत्ता घातला आहे. आतला मजकूर अजून लिहायचा आहे.